नुसते खेळाडू

जपानमधल्या व्यावसायिक बेसबॉल संघांच्या नावात गाव कधी असते, कधी नसते. कंपनी मात्र बहुतेक असतेच. योमिउरी हे वृत्तपत्र, हानशिन ही रेल्वे, निप्पॉन हॅम हा मांसप्रक्रियेचा उद्योग, लोत्ते हे च्युइंगम आणि चॉकलेटवाले, आणि याकुल्ट म्हणजे आपल्याकडेही इवल्याशा बाटलीतून मिळणारे तेच आंबटगोड पेय. संघ मैदानात उतरतो तो मालकाचे नाव घेऊन. 2004 च्या मोसमात मात्र एक प्रश्न या व्यवस्थेसमोर उघडपणे येऊन उभा राहिला: नाव मालकाचे, पैसा मालकाचा, पण संघ कोणाचा? प्रश्न विचारणारे खुद्द खेळाडू होते. त्यासाठी त्यांनी सत्तर वर्षांत झाले नव्हते ते केले. सप्टेंबरातल्या एका शनिवार-रविवारी ते खेळायला उतरलेच नाहीत.

कंपन्या बेसबॉलमध्ये आल्या त्याची कारणे व्यवहाराची होती. आठवडाभर माणसे गाडीत बसून शहराकडे जातात; सुट्टीच्या दिवशी रिकाम्या धावणाऱ्या गाड्या भरायच्या कशा, हा खासगी रेल्वेंचा जुना प्रश्न. हानशिन कंपनीने 1924 मध्ये आपल्या मार्गावर कोशिएनचे मैदान बांधले. पुढे ओसाकाच्या परिसरात हानशिन, हानक्यू, नानकाई आणि किंतेत्सु अशा चार रेल्वे कंपन्यांचे चार संघ झाले. 1954 मध्ये जपानच्या कर खात्याने परिपत्रक काढले, की संघाचा तोटा मूळ कंपनीने भरून दिला तर ती रक्कम जाहिरातीचा खर्च म्हणून धरता येईल. या एका कागदाने पुढची पन्नास वर्षे घडवली. संघ तोट्यात चालला तरी बिघडत नव्हते, कारण तो तोटा जाहिरातीच्या खात्यात जमा होई. पण ज्या वस्तूला जाहिरात मानले, ती परवडेनाशी झाली की बंद करायलाही कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. 2004 मध्ये जे झाले त्याचे बी या हिशेबात होते.

किंतेत्सु संघ 1949 मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी नव्याने निघालेल्या पॅसिफिक लीगमध्ये खेळू लागला. त्याचे पहिले नाव पर्ल्स, कारण कंपनीची गाडी मोत्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इसे-शिमाकडे जाते. 1959 मध्ये शिगेरू चिबा व्यवस्थापक म्हणून आले. खेळाडू असताना त्यांना ‘मत्त बैल’ म्हणत, त्यावरून संघ बफलो झाला आणि पुढे बफलोज. टोपीवरचे शिंगांचे चिन्ह तारो ओकामोतो या विख्यात चित्रकाराने काढून दिले. संघाचे नशीब मात्र शिंगांसारखे वाकडेच राहिले. जपान सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, त्याने कधीच जिंकली नाही. बारा संघांत असा तो एकटाच होता.

19 ऑक्टोबर 1988 ही तारीख ओसाकातल्या जुन्या रसिकांना अजून टोचते. कावासाकीच्या मैदानावर लोत्तेविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने, आणि लीग जिंकायची तर दोन्ही जिंकायलाच हवेत. पहिला सामना किंतेत्सुने 4-3 असा जिंकला. दुसरा दहा डावांनंतर 4-4 वर अडकला. चार तास उलटले की नवा डाव सुरू करायचा नाही असा नियम होता. सामना बरोबरीत सुटला आणि विजेतेपद सेइबुकडे गेले. रात्रीच्या बातम्यांची वेळ बाजूला सारून तो सामना देशभर दाखवला गेला. त्याच दिवशी हानक्यू रेल्वेने आपला संघ विकत असल्याचे जाहीर केले होते. विकत घेणारी वित्त कंपनी पुढे ओरिक्स या नावाने ओळखली जाऊ लागली. सोळा वर्षांनी याच ओरिक्सच्या संघात किंतेत्सुचे विलीनीकरण व्हायचे होते.

सुखाचा एक क्षणही होता. 1999 आणि 2000 ही दोन्ही वर्षे तळाला काढलेला हा संघ 2001 मध्ये उसळून वर आला. 26 सप्टेंबरला ओसाका डोममध्ये शेवटच्या डावात तो 2-5 असा मागे होता. तिन्ही बेसवर धावपटू उभे, एकही बाद नाही, आणि बदली फलंदाज हिरोतोशी कितागावाने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. एका फटक्यात चार धावा, 6-5, आणि त्याच क्षणी लीगचे विजेतेपद. समोरचा संघ ओरिक्सच होता.

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगायचे कारण एवढेच, की ताळेबंदात यातले काहीही दिसत नाही. ताळेबंदात दिसत होते ते वर्षाला सुमारे 400 कोटी येनचे नुकसान. संघ 1997 मध्ये फुजिइदेराच्या स्वतःच्या मैदानातून भाड्याच्या ओसाका डोममध्ये गेला, तेव्हा भाड्याचा भार तर आलाच, पण दुसरेही काही हरवले. फुजिइदेरा किंतेत्सुच्या रुळांवर होते. डोमला किंतेत्सुची गाडीच जात नव्हती. रेल्वेने गाड्या भरण्यासाठी पोसलेला संघ तिच्या गाड्यांपासूनच तुटला. जानेवारी 2004 च्या अखेरीस कंपनीने संघाच्या नावाचा हक्क विकायचा बेत जाहीर केला आणि इतर मालकांचा विरोध पाहून काही दिवसांत मागे घेतला. 13 जूनला मोसम ऐन भरात असताना बातमी फुटली: किंतेत्सु आणि ओरिक्स हे संघ एक होणार.

जुलैच्या मालकसभेत सेइबुचे मालक योशिआकी त्सुत्सुमी यांनी सांगितले, की पॅसिफिक लीगमध्ये आणखी एक विलीनीकरण घाटत आहे. म्हणजे बाराचे दहा संघ आणि दोनाची एकच लीग. यामागचे गणित दूरचित्रवाणीचे होते. योमिउरी जायंट्सबरोबरच्या एका सामन्याचे प्रसारणहक्क सुमारे 10 कोटी येनला जात असे म्हटले जाई, आणि तो पैसा जायंट्सच्या सेंट्रल लीगमधल्या संघांनाच मिळे. पॅसिफिकचे मालक त्या ताटात वाटा मागत होते. ताट मोठे कसे होईल याची चर्चा नव्हती. पंगतीतून दोघांना उठवले की उरलेल्यांना पुरेल, एवढाच विचार होता.

खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते अत्सुया फुरुता, याकुल्ट स्वॅलोजचे कॅचर. कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखाच सगळ्या खेळाकडे तोंड करून बसणारा एकमेव खेळाडू. चष्मा लावतो म्हणून विद्यापीठातून बाहेर पडताना त्यांना कोणी निवडले नव्हते असे सांगतात. ते आधी टोयोटाच्या हौशी संघात गेले, 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले आणि मग याकुल्टमध्ये आले. मालकांशी समोरासमोर बोलायला मिळावे, एवढीच त्यांची पहिली मागणी होती. 8 जुलैला जायंट्सचे मालक आणि योमिउरी समूहाचे सर्वेसर्वा त्सुनेओ वातानाबे यांना पत्रकारांनी त्याबद्दल विचारले. आपली पायरी ओळखावी, शेवटी तो नुसता खेळाडू, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

त्या एका उद्गाराने वादाचा चेहरा बदलला. तोवर तो दोन कंपन्यांमधला व्यवहार होता. आता ज्याने मैदानावर घाम गाळला तो ‘नुसता’, आणि ज्याने तिकीट काढले तो तर हिशेबातही नाही, हे सगळ्यांना लख्ख दिसले.

मालकांची बाजूही पोकळ नव्हती. रेल्वेच्या भागधारकाने किंवा रोज कामावर जाणाऱ्या प्रवाशाने वर्षाला 400 कोटी येनचा भार का सोसावा? खेळाडू आपल्या नोकऱ्या वाचवत होते, हेही खरे. एका संघात सत्तरपर्यंत नोंदणीकृत खेळाडू असतात. एक संघ गेला की तेवढ्या जागा गेल्या. पण या युक्तिवादातली खोट जूनच्या अखेरीस उघडी पडली. ताकाफुमी होरिए यांची लाइव्हडोअर ही इंटरनेट कंपनी किंतेत्सु विकत घ्यायला पुढे आली. तोटा असह्य झालेल्या माणसाला गिऱ्हाईक मिळाले, तर त्याने निदान बोलणी करायला हवीत. इथे गिऱ्हाईकाला दारातूनच परत पाठवले गेले. म्हणजे प्रश्न नुसता तोट्याचा नव्हता. आपल्या वर्तुळात कोण बसेल हे आपणच ठरवणार, हा होता. नव्या संघाला लीगमध्ये यायचे तर 600 कोटी येन, आणि जुना संघ घ्यायचा तर 300 कोटी येन परत न मिळणारे प्रवेशशुल्क भरावे लागे. दार किती जड ठेवले होते ते यावरून कळते.

मालकांच्या निदानाला सर्वांत ठोस उत्तर त्याच मोसमात, त्याच लीगमध्ये मिळत होते. निप्पॉन हॅम फायटर्स हा संघ वर्षानुवर्षे टोकियोत जायंट्सच्या सावलीत खेळत असे. 2004 मध्ये तो थेट उत्तरेला होक्काइदो बेटावर साप्पोरोला गेला. तिथे व्यावसायिक संघ कधी नव्हताच. अमेरिकेतून परतलेला त्सुयोशी शिंजो त्याने घेतला, आणि एक अख्खे बेट त्या संघाला आपले म्हणू लागले. किंतेत्सुच्या घरापासून काही मैलांवर कोशिएनमध्ये हानशिनचा महासागर उसळत होता. त्याच परिसरात दुसरा संघ चालत नसेल, तर गाव बदलता येते, मालक बदलता येतो, लोकांशी नाते नव्याने बांधता येते. संघ मोडणे हा शेवटचा उपाय असायला हवा होता. तो पहिला म्हणून निवडला गेला, आणि इथे मालक चुकले असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

खेळाडूंनी रस्त्यावर उभे राहून सह्या गोळा केल्या. न्यायालयातही गेले. टोकियोच्या जिल्हा आणि उच्च अशा दोन्ही न्यायालयांनी विलीनीकरण थांबवायला नकार दिला, पण खेळाडूंच्या संघटनेला सामूहिक वाटाघाटीचा हक्क आहे, हे 8 सप्टेंबरला उच्च न्यायालयाने मान्य केले. त्याच दिवशी मालकांनी विलीनीकरणावर शिक्कामोर्तब केले. 11 आणि 12 सप्टेंबरचा संप बोलणी चालू राहिल्याने टळला. पुढच्या आठवड्यात मागणी एका मुद्द्यावर आली: किंतेत्सु जाणारच असेल, तर 2005 च्या मोसमात नवा संघ येऊ द्या आणि संख्या बारा ठेवा. मालक म्हणाले, वेळ नाही, एवढ्या थोड्या महिन्यांत संघ उभा राहणे अशक्य आहे.

17 सप्टेंबरच्या संध्याकाळी बोलणी फिसकटली. त्या रात्री फुरुता दूरचित्रवाणीच्या क्रीडा कार्यक्रमात बसले होते आणि रसिकांनी पाठवलेले पाठिंब्याचे निरोप त्यांना दाखवले गेले. एरवी वाटाघाटीच्या मेजावर चेहऱ्याची रेघ न हलवणाऱ्या माणसाला रडू आवरले नाही. हा माणूस त्या महिन्यांत दिवसा मालकांच्या प्रतिनिधींशी भांडत होता आणि संध्याकाळी प्लेटमागे गुडघे मोडून बसत होता. त्या मोसमात त्यांची फलंदाजीची सरासरी तीनशेच्या वर राहिली.

18 आणि 19 सप्टेंबरला बारा सामने रद्द झाले. जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमधला हा पहिला संप. त्यात पगारवाढीची मागणी नव्हती. खेळाडू घरीही बसले नाहीत. लोकांना भेटले, सह्या दिल्या, माफी मागितली. सामना हुकल्याबद्दल ते रसिकांची क्षमा मागत होते आणि रसिक त्यांना टिकून राहा म्हणत होते. संपकऱ्याच्या बाजूने गिऱ्हाईक उभे राहिल्याची अशी उदाहरणे फार नाहीत. आपल्याला कोणीतरी मोजले, ही त्या रसिकांची भावना होती.

सोमवारी, 20 सप्टेंबरला खेळ पुन्हा सुरू झाला. साप्पोरोत फायटर्स आणि दाइएइ हॉक्स यांचा सामना बरोबरीत शेवटच्या डावात आला. दोन बाद, तिन्ही बेस भरलेले, आणि शिंजोने चेंडू कुंपणापार धाडला. पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या युकिओ तानाकाने आनंदाच्या भरात त्याला मिठी मारली, दोघे गरकन फिरले, आणि त्या गिरकीत शिंजो पुढच्या धावपटूच्या, म्हणजे तानाकाच्याच, पुढे गेला. नियमाने तो बाद. होमरन कागदावर साधा एकेरी फटका म्हणून लिहिला गेला. विजय मात्र राहिला. दोन दिवस खेळ नसलेल्या देशाला त्या एका मिठीने खेळ परत मिळाला.

23 सप्टेंबरला समझोता झाला: 2005 साठी नव्या संघाचे अर्ज घेणार, प्रवेशशुल्काच्या जागी परत मिळणारी अनामत, आणि दोन लीगच्या संघांमध्ये आपसांत सामने. होरिए यांची लाइव्हडोअर आणि राकुतेन ही दुसरी इंटरनेट कंपनी, दोघांनीही ईशान्येकडच्या सेंदाई शहरासाठी अर्ज केला. 2 नोव्हेंबरला राकुतेनची निवड झाली. अर्ध्या शतकात आलेला हा पहिला नवा संघ.

मोसमाचा निकाल सांगायचा तर सेइबुने चुनिची ड्रॅगन्सला चार विरुद्ध तीन सामन्यांनी हरवून जपान सिरीज जिंकली. फारशा कोणाच्या तो आज लक्षात नाही.

अशक्य म्हटलेली गोष्ट पाच महिन्यांत झाली. ओरिक्समध्ये जायला ठाम नकार देऊन सेंदाईला आलेला किंतेत्सुचा गोलंदाज हिसाशी इवाकुमा 26 मार्च 2005 ला लोत्तेविरुद्ध पूर्ण सामना टाकून 3-1 ने जिंकला. दुसऱ्या दिवशी हाच संघ 0-26 असा हरला. वर्षाअखेर 38 विजय, 97 पराभव. तरीही राकुतेनचा संघ पहिल्याच वर्षी नफ्यात राहिला, कारण तो जाहिरात म्हणून चालवलेला नव्हता. मैदानाची देखरेख हातात घेऊन, तिकिटापासून खाण्यापर्यंत सगळे लोकांना समोर ठेवून त्याने व्यवसाय उभा केला. सहा वर्षांनी, 11 मार्च 2011 ला भूकंप आणि त्सुनामीने तो सारा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा तिथल्या माणसांकडे आपला म्हणावा असा एक संघ होता. 3 नोव्हेंबर 2013 ला सेंदाईत जपान सिरीजचा सातवा सामना झाला. अख्ख्या मोसमात 24 विजय आणि एकही पराभव नसलेला मासाहिरो तानाका आदल्याच दिवशी 160 चेंडू टाकून हरला होता; तोच शेवटच्या डावात पुन्हा मैदानात आला आणि राकुतेन जिंकले. हरणारा संघ जायंट्सचा होता. मालकांचे ऐकले असते तर ती रात्र सेंदाईच्या वाट्याला आली नसती.

सगळा निवाडा मालकांच्या विरोधात जात नाही. होरिए यांना जानेवारी 2006 मध्ये शेअर व्यवहारांतल्या गैरप्रकारांसाठी अटक झाली. संघ त्यांच्या हाती गेला असता तर काय झाले असते हा प्रश्न रास्त आहे. पण जुन्या मालकांनाही सचोटीचा दाखला देता येत नाही. एका विद्यापीठाच्या गोलंदाजाला जायंट्सने गुपचूप पैसे दिल्याचे उघड झाल्यावर ऑगस्ट 2004 मध्ये वातानाबे यांनी मालकपद सोडले, आणि त्याच प्रकरणात ऑक्टोबरात आणखी दोन संघांचे मालक पायउतार झाले. त्सुत्सुमी यांना मार्च 2005 मध्ये भागधारणेची खोटी माहिती दिल्याबद्दल अटक झाली. दरम्यान दाइएइचा संघ सॉफ्टबँकने विकत घेतला, त्यामुळे दुसऱ्या विलीनीकरणाची गरजच उरली नाही. 2007 मध्ये पॅसिफिक लीगच्या सहा संघांनी एकत्र येऊन कंपनी काढली आणि सामने इंटरनेटवर आणले. प्रेक्षकांची प्रत्यक्ष मोजणी 2005 मध्ये सुरू झाली तेव्हा दोन्ही लीग मिळून आकडा 2 कोटींच्या जरा आत होता. 2024 मध्ये तो 2 कोटी 66 लाखांवर पोहोचला. रोगी दगावणार म्हणून ज्याचा हात कापायला निघाले होते, त्याची प्रकृती ही अशी होती.

किंतेत्सु मात्र वाचला नाही, आणि राकुतेनचा जन्म ही त्याची भरपाई नव्हती. सेंदाईच्या मुलाला मिळालेला संघ ओसाकाच्या म्हाताऱ्याला परत मिळत नाही. कोबेच्या लोकांचेही नुकसान झाले. 1995 च्या भूकंपानंतर ओरिक्सच्या ज्या ब्लूवेव्ह या कोबेतल्या संघाने इचिरोच्या बॅटच्या जोरावर त्यांना उभे केले, त्या संघाचे नाव ओरिक्स बफलोज या नव्या नावात पुसले गेले. संपाचा विजय सांगताना हे दोन गमावलेले संघ गाळले, तर तो इतिहास अर्धाच राहतो.

24 सप्टेंबर 2004 ला ओसाका डोममध्ये किंतेत्सुचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता, सेइबुविरुद्ध. त्याआधी व्यवस्थापक मासाताका नाशिदा यांनी खेळाडूंना सांगितले, की तुमच्या पाठीवरचे सगळेच क्रमांक आता या संघाचे कायमचे राखून ठेवलेले क्रमांक आहेत. एखाद्या थोर खेळाडूच्या सन्मानार्थ त्याचा क्रमांक पुन्हा कोणाला द्यायचा नाही, अशी बेसबॉलची रीत. त्या दिवशी तो मान राखीव खेळाडूपासून सगळ्यांना मिळाला. अकराव्या डावात किंतेत्सुने सामना 3-2 असा जिंकला.

फुजिइदेराचे मैदान 2006 मध्ये पाडले गेले. तिथे आता शाळा आहे. मार्च 2009 मध्ये हानशिनची नवी नांबा लाइन सुरू झाली आणि किंतेत्सुच्या गाड्या तिच्यावरून सरळ ओसाका डोमच्या दारापर्यंत धावू लागल्या, संघ गेल्यानंतर साडेचार वर्षांनी.

किंतेत्सुचा गणवेश घातलेला मुख्य लीगमधला शेवटचा खेळाडू तोमोताका साकागुची 2022 च्या मोसमाअखेर याकुल्टमधून, म्हणजे फुरुतांच्याच संघातून, निवृत्त झाला. त्याच ऑक्टोबरात याकुल्टला हरवून ओरिक्स बफलोजने जपान सिरीज जिंकली. 1949 पासून जे झाले नव्हते ते झाले आणि विजेत्याच्या पताकेवर बफलोज हा शब्द उमटला. तो आपला विजय मानायचा की नाही, यावर ओसाकातल्या जुन्या किंतेत्सु रसिकांचे अजून एकमत नाही.